कोरड्या बागेत बारा महिने हिरवे राहणारे शोभेचे गवत

प्रश्न (पाथर्डी फाटा, नाशिक): कुंपणालगतच्या मुरमाड पट्ट्यात दिवसभर ऊन असते आणि एप्रिल-मेमध्ये पाणी जपून वापरावे लागते. लॉन नको आहे. झुपक्याने वाढणारे, वर्षभर हिरवे दिसणारे गवत हवे आहे. रोपवाटिकेत निळसर फेस्क्यू सुचवण्यात आले. ते येथे टिकेल का?

उत्तर १: फेस्क्यू सदाहरित असले तरी ते मूळचे युरोपातील, थंड हवा मानवणारे गवत आहे, आपल्या उन्हाळ्यात ते मलूल होते आणि पावसाळ्यात पाणी साचल्यास बुंध्याशी कुजते. त्याऐवजी वाळा लावावा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, अनुकूल जमिनीत 3 ते 4 मीटरपर्यंत जातात, त्यामुळे वरची माती सुकली तरी झुपका तग धरतो आणि शेजारच्या वाफ्यात घुसखोरीही करत नाही.

उत्तर २: सहमत आहे; मात्र लावल्या दिवसापासून तो पाण्याविना वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाऊस स्थिरावल्यावर ठोंब विभागून मुळांसह फुटवे लावावेत आणि पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. उंची दीड मीटरच्या वर जाते, म्हणून अरुंद वाटेलगत तो लावू नये.

प्रश्नकर्ती: छाटणी कधी करावी?

उत्तर १: पावसाळ्याच्या तोंडावर, जमिनीपासून 30-40 सेंटिमीटर ठेवून. पातींच्या कडा धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालावेत. कापलेली पाती तिथेच आच्छादन म्हणून पसरता येते.