क्षयरोगाची सक्तीची नोंदणी
क्षयरुग्णांच्या नोंदणीची सक्ती करून सरकारने डॉक्टरांचे कागदकाम तेवढे वाढवले, हे मत मला अर्धेच पटते. मे २०१२ मध्ये ही सक्ती येण्यापूर्वी खासगी दवाखान्यात उपचार घेणारा रुग्ण सरकारी आकडेवारीत क्वचितच दिसत असे. त्याने औषध मध्येच सोडले, तरी घरच्यांची तपासणी करायला सहसा कोणी फिरकत नसे. त्याच वर्षी जूनमध्ये रक्तातील प्रतिपिंडांवरून (अँटीबॉडी) क्षयाचे निदान करणाऱ्या बेभरवशाच्या चाचण्यांवर बंदी आली. तो निर्णयही माझ्या मते तितकाच मोलाचा होता, जरी त्याची चर्चा फारशी होत नाही.

मार्च २०१४ पासून रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध विकताना औषध दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेल्या औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ती नीट भरलेली असेल, तर नोंदणीतून सुटलेला रुग्ण तिच्यातून सापडू शकतो. २०१८ मध्ये नोंदणी टाळणाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूद झाली खरी, परंतु त्या धाकापेक्षा नोंदलेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये) मिळणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मात्र ही रक्कम बँक खात्यातच जमा होत असल्याने खाते नसलेल्या स्थलांतरित मजुराची तिथेच अडचण होते.