मदत हवी आहे: ॲड-ऑन कार्ड होतं म्हणून विमानाच्या कार्डाचा वेलकम बोनस नाकारला

कोथरूडची सून
नमस्कार मंडळी. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, आजवर विमानात बसलेल्या नाहीत. काशीला जाऊन यायचं त्यांच्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे, पण गुडघ्यांमुळे रेल्वेचा प्रवास आता झेपत नाही. म्हणून मार्चमध्ये मी माझ्या नावावर विमान कंपनीच्या भागीदारीतलं एक क्रेडिट कार्ड घेतलं. फी 3000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3540 रुपये. 90 दिवसांत 75,000 खर्च केले की वेलकम बोनस म्हणून 8,000 माइल्स (विमान तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट्स), अशी ऑफर होती. लेकाची क्लासची फी आणि घरातला नवा फ्रिज त्यावरच घेतला, खर्च पूर्ण केला.

आता बँक म्हणते, "सध्याचे किंवा मागील 12 महिन्यांतले कार्डधारक पात्र नाहीत." माझ्या नवऱ्याकडे हेच कार्ड होतं, त्यावर माझं ॲड-ऑन, म्हणजे त्याच्याच खात्यावरचं माझ्यासाठीचं जादा कार्ड, होतं. ते त्याने डिसेंबरमध्ये बंद केलं. माझ्या स्वतःच्या नावावर त्या बँकेचं कार्ड कधीच नव्हतं. कार्ड देणाऱ्या मुलाला मी ॲड-ऑनचं आधीच सांगितलं होतं. "चालतं मॅडम, बोनस मिळेल," असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलंय.

ॲड-ऑन असणं म्हणजे कार्डधारक असणं का? आणि दाद कुठे मागायची? खरंच कळत नाहीये.

पर्वतीपायथा
ताई, आधी दोन कागद शोधा. एक, तुम्ही अर्ज केला त्या दिवशीच्या ऑफरच्या अटी. वेबसाइटवरचं पान बदलत राहतं, त्यामुळे आज तिथे जे दिसतंय ते तुम्हाला लागू असेलच असं नाही. दुसरा, कार्डासोबत आलेला करार. त्यात सुरुवातीलाच व्याख्या असतात. मुख्य कार्डधारक आणि ॲड-ऑन कार्डधारक वेगळे दिलेत की दोघांना मिळून 'कार्डधारक' म्हटलंय, ते बघा. तुमचं सगळं प्रकरण त्या एका शब्दावर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ॲड-ऑनवरच्या थकबाकीची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते, हा मुद्दाही तुमच्या बाजूचा आहे.

औंधकर
मी काही वर्षं अमेरिकेत होतो. तिथे हे बोनस मोठे असतात, म्हणून अटीही काटेकोर, आणि शब्द नीट वाचले नाहीत तर फसायला होतं. अमेरिकन एक्सप्रेसची अट साधारण अशी, की ते कार्ड तुमच्याकडे आहे किंवा पूर्वी होतं तर बोनस नाही. सिटी बँकेच्या अमेरिकन एअरलाइन्स कार्डांना मागच्या 48 महिन्यांत त्याच कार्डाचा बोनस *मिळालेला* नसावा लागतो. कार्ड 'असणं' आणि बोनस 'मिळणं' यात हा फरक. चेस बँकेचा तर 24 महिन्यांत पाच नवी कार्डं झाली की अर्जच नाकारण्याचा अलिखित नियम आहे आणि त्या मोजणीत दुसऱ्याच्या खात्यावरचं ॲड-ऑनही धरलं जातं, कारण ते क्रेडिट रिपोर्टवर दिसतं. पण ॲड-ऑन होतं एवढ्यावरून पुढे स्वतःच्या कार्डाचा बोनस अडत नाही. तिथले नियम इथे लागू नाहीत, पण 'ॲड-ऑन' हा शब्द अटीत लिहिलाय का, हे तुम्ही जरूर विचारा.

कोथरूडची सून
करार सापडला! मुख्य कार्डधारकाची व्याख्या "ज्याच्या नावाने खाते उघडले आहे ती व्यक्ती" अशी आहे, ॲड-ऑनची वेगळी. ऑफरच्या कागदात मात्र नुसतंच "कार्डधारक" आहे. चिडून कार्ड बंदच करावंसं वाटतंय.

पर्वतीपायथा
आत्ता बंद करू नका. बोनस जमा होण्याआधी खातं बंद झालं तर तो जातो, अशी अट बहुतेक ऑफरमध्ये असते. पुढे करायचंच झालं तर देणं चुकतं करून लेखी कळवा. बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर दिवसाला 500 रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा असतो.

आता फोनवर बोलू नका, मेल करा. व्याख्येचा परिच्छेद, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट आणि फी भरल्याचं स्टेटमेंट जोडा. "ॲड-ऑनधारक अपात्र, असं कुठल्या कलमात लिहिलंय?" एवढं एकच विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर (तक्रारींची वेबसाइट) लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

आणि एक, त्या 75,000 मध्ये पेट्रोल, घरभाडं किंवा वॉलेटमध्ये भरलेले पैसे नाहीत ना? हे खर्च बऱ्याचदा धरत नाहीत. बँक उद्या तेच कारण पुढे करेल.

कोथरूडची सून
पेट्रोलचे 2,200 आहेत, पण एकूण खर्च 81,000 च्या वर गेलाय, त्यामुळे ते वगळूनही पुरतंय. मेल आत्ताच पाठवला, तक्रार क्रमांकही आला. उत्तर आलं की इथेच लिहिते. सासूबाईंना मात्र थांबवायचं नाही. देवदिवाळीला काशीत पोचायचं म्हणून जातानाची तिकिटं आज पैसे भरूनच काढतेय. माइल्स मिळाले तर परतीची त्यातून काढेन.