टॅरो मुळात हुकमाचा डाव. भविष्य नंतर चिकटलं!

पिसलेलेपत्ते: परवा एका टॅरोवाल्या ताईंनी ऐकवलं की हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान. अहो, टॅरो जन्मला १४४० च्या आसपास उत्तर इटलीत, मिलान-फेरारा-फ्लॉरेन्सकडे, आणि तोही खेळ म्हणून. चार रंगांची ५६ पानं होतीच, त्यांत २१ हुकूम आणि 'वेडा' नावाचं एक पान घातलं. हातात रंग नसेल तर हुकूम मारायचा. जजमेंट खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. इजिप्तची पुडी सोडली ती १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या लेखकाने. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती, शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये!

मनकवडी: मी अकरा वर्षं टॅरो बघते. इजिप्त सोडा, ते मलाही पटत नाही. पण नुसते हात जिंकायला कुणी मृत्यू, दैवाचं चाक, उलटा टांगलेला माणूस असली चित्रं काढतं का? शिवाय इटलीतल्या बोलोन्यात १७५० च्या सुमाराचा एक हस्तलिखित कागद आहे, त्यात पानांचे अर्थ दिलेत. म्हणजे जेबलँच्या आधीपासून लोक भविष्य बघत होते.

पिसलेलेपत्ते: कागद मान्य. पण तोही खेळानंतर तीनशे वर्षांनी! आणि चित्रांचं म्हणाल तर सुरुवातीच्या हुकमांवर आकडेच नसायचे, क्रम डोक्यात ठेवावा लागे. मग ओळखीची चित्रं बरी पडतात. पोपच्या पानावर मृत्यूचं पान भारी, हे प्लेग पाहिलेल्या माणसाला समजावायला लागत नसणार.

वाडीची_लेक: आमच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पण मत्स्याचं पान उचलून कुणी 'लग्न कधी जमेल' विचारलं नाही. पानावर देव आला म्हणून पान देव्हाऱ्यात जात नाही.

मनकवडी: पण त्याच खेळात डाव सुरू करायचा मान दिवसा रामाचा आणि रात्री कृष्णाचा, हे कुठून आलं? निव्वळ हिशोब तर नाही ना? आणि कवड्यांचं काय? त्यांवर पट खेळतात आणि केरळात ज्योतिषी त्याच मांडून प्रश्न बघतात. वस्तू एकच, कामं दोन. 'आधी खेळ' म्हटल्याने 'नंतरचं खोटं' कसं ठरतं?

पिसलेलेपत्ते: कवड्यांचा मुद्दा बिनतोड आहे, हरलो. पण मी 'खोटं' म्हटलंच नव्हतं, 'नंतरचं' म्हटलं. तुम्ही बहुतेक १९०९ चा, वेट या इंग्रज गूढविद्यावाल्यांचा टॅरो संच वापरत असाल, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. त्यात साध्या पंजा-छक्क्यावरही माणसं आणि प्रसंग आहेत, कारण तो केलाच भविष्यासाठी. त्याचं वय शंभराच्या वर. तेवढंच सांगा ना गिऱ्हाइकाला! पाच हजार वर्षं कशाला?

मनकवडी: मी सांगतेच. ऐकून दोघी उठून गेल्या होत्या.

वाडीची_लेक: फ्रान्समध्ये अजून चौघं बसून टॅरो खेळतात ना? प्रत्येकी किती पानं?

पिसलेलेपत्ते: अठरा, आणि सहा बाजूला. माझ्याकडे कॅट आहे, भिडू तेवढे हवेत.