बियाण्यापासून मिरची: उगवण तुरळक, रोपे लांबट आणि नंतर कोलमडणारी

प्रश्न

नमस्कार. घरात बियाण्यापासून मिरचीची रोपे तयार करताना काही अडचणी येत आहेत आणि त्या एकमेकींशी निगडित असाव्यात असे वाटत असल्याने सर्व एकत्र मांडते.

मी तीन प्रकारचे बी पेरले आहे: पाकिटात मिळालेले साध्या तिखट मिरचीचे, स्वयंपाकासाठी आणलेल्या वाळलेल्या लाल मिरच्यांतून काढलेले आणि हबानेरो या अतितिखट वाणाचे. पाकिटातले बी एकसारखे उगवले. वाळलेल्या मिरच्यांचे बी तुरळक आणि मागेपुढे उगवले. हबानेरोचा मात्र अद्याप एकही कोंब दिसलेला नाही.

याहून मोठी काळजी उगवलेल्या रोपांची आहे. ट्रे खिडकीच्या आतल्या बाजूस ठेवलेला आहे. रोपे उजेडाकडे झुकून लांब व नाजूक झाली, आणि त्यांतील काहींची खोडे मातीलगत पाणचट व बारीक होऊन ती आडवी पडली. सकाळी ताठ उभे असलेले रोप संध्याकाळपर्यंत लोळलेले असते. माती कधीही कोरडी पडू दिलेली नाही, त्यामुळे पाण्याअभावी हे घडते असे म्हणता येत नाही.

बी भिजवून पेरल्याने फरक पडतो का, हबानेरोची वाट किती काळ पाहावी, रोपांचे पडणे कसे थांबवावे आणि उरलेली रोपे मोठ्या कुंडीत केव्हा हलवावीत, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपल्या प्रश्नातील उगवणीच्या भागापुरते लिहितो.

मिरचीचे बी उगवणे हे पाण्यापेक्षा मातीच्या तापमानावर अधिक अवलंबून असते. माती २५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर उगवण जोमाने होते, २० अंशांच्या आसपास ती रेंगाळते आणि १५ अंशांखाली जवळजवळ थांबते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की खोलीचे तापमान आणि ट्रेमधील मातीचे तापमान एकच नसते. ओल्या पृष्ठभागावरून सतत बाष्पीभवन होत असल्याने माती हवेपेक्षा थंड राहते, आणि ट्रे काचेलगत असेल तर रात्री हा फरक आणखी वाढतो. उगवण होईपर्यंत बियांना उजेडाची गरज नसते, म्हणून तोवर ट्रे घरातील उबदार कोपऱ्यात, झाकण किंवा पातळ प्लास्टिक घालून ठेवावा. पहिला वाकडा कोंब मातीतून डोके काढताच झाकण काढून ट्रे उजेडात न्यावा. यात एका दिवसाचाही उशीर परवडत नाही.

हबानेरोबद्दल निराश होऊ नये. आपल्या नेहमीच्या बहुतेक मिरच्या कॅप्सिकम ॲन्युम या प्रजातीच्या असतात आणि उबदार मातीत त्या साधारण ७ ते १४ दिवसांत उगवतात. हबानेरो ही कॅप्सिकम चिनेन्स या प्रजातीची मिरची असून तिला २ ते ४ आठवडे लागणे स्वाभाविक आहे. माती थंड असेल तर महिना उलटूनही कोंब येतात. म्हणूनच दोन प्रजातींचे बी एकाच ट्रेमध्ये पेरू नये, कारण एकीची रोपे उजेडाची वाट पाहत असताना दुसरीला झाकणाखालची ऊब हवी असते.

वाळलेल्या मिरच्यांतील बी उगवेल की नाही, हे मिरच्या कशा वाळवल्या आणि किती काळ साठवल्या यावर ठरते. सावलीत वाळवलेल्या, पूर्ण पिकलेल्या मिरचीतील बी चांगले उगवते, पण जास्त उष्णतेच्या यंत्रात वाळवलेल्या मिरचीत बियांमधील अंकुर मेलेला असू शकतो. मिरचीच्या बियांची उगवणक्षमता सामान्य साठवणुकीत २ ते ४ वर्षे टिकते, मात्र ती दरवर्षी घटत जाते. शिवाय मूळ झाड संकरित असेल तर त्याच्या बियांपासून तशीच मिरची मिळेलच असे नाही. बी पाण्यात टाकून तरंगणारे फेकून द्यावे असे अनेक जण सांगतात. मिरचीच्या बाबतीत मी हे करू नये असे म्हणेन, कारण तिचे कोरडे बी चपटे व हलके असल्याने चांगले बीसुद्धा बराच वेळ तरंगते. त्यापेक्षा १० बिया ओलसर कागदात गुंडाळून उबेत ठेवाव्यात आणि किती फुटतात ते पाहून पेरणी किती दाट करायची ते ठरवावे.

राहिला भिजवण्याचा प्रश्न. कोमट पाण्यात ६ ते ८ तास भिजवल्याने टरफल मऊ होते आणि उगवण थोडी लवकर व एकसारखी होते, परंतु उबेची उणीव त्याने भरून निघत नाही. दिवसभराहून अधिक काळ भिजवल्यास बी गुदमरते. पाकिटातील बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल तर त्यावर बुरशीनाशक चढवलेले असते. असे बी भिजवू नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. पेरणीची खोली अर्धा ते एक सेंटिमीटर पुरेशी आहे.

दुसरा प्रतिसाद

खोड मातीलगत पाणचट होऊन रोप लोळणे हे रोपे कोलमडण्याच्या रोगाचे स्पष्ट लक्षण आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतील रोगकारक जीव कोवळ्या खोडात शिरतात आणि काही तासांत ते कुजवतात. पडलेले रोप वाचत नाही. ते भोवतालच्या चमचाभर मातीसह काढून टाकावे, आणि बाकीची रोपे वाचवण्याकडे लक्ष द्यावे.

आपण लिहिले आहे की माती कधीही कोरडी पडू दिलेली नाही, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ नेमके येथे आहे. पिथियमचे बीजाणू पाण्याच्या थरातून पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. मातीचा वरचा थर अधूनमधून सुकला की त्यांचा मार्ग तुटतो. कोवळ्या मिरचीला चिखल नको, वाफसा हवा, म्हणजे मातीच्या कणांना ओल असावी आणि कणांमधील पोकळीत हवाही असावी. ट्रे उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी: पाणी दिल्यानंतरचे वजन आणि सुकल्यावरचे वजन हाताला एकदा कळले की पृष्ठभागाचा रंग पाहून अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. पाणी वरून न घालता ट्रे पसरट भांड्यातील उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, खालून ओल वर चढू द्यावी आणि नंतर ट्रे काढून पूर्ण निथळू द्यावा. भांड्यात पाणी साठवून ट्रे तसाच बसवून ठेवणे टाळावे. पंखा मंद गतीने, थेट झोत न येता, दिवसातून काही वेळ चालू ठेवल्यास पृष्ठभाग लवकर सुकतो आणि हलत्या हवेने खोडही जाड होते.

पेरणीचे मिश्रण बारीक व हलके असावे. चांगले धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) एक भाग हे पुरेसे आहे; त्यात मूठभर पूर्ण कुजलेले व चाळलेले गांडूळखत चालते. बागेतील माती किंवा गेल्या हंगामातील कुंडीची माती पेरणीसाठी वापरू नये. जुने ट्रे पुन्हा वापरायचे असतील तर ते घासून धुवावेत आणि एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात किमान दहा मिनिटे बुडवून नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावेत. मातीवर दालचिनीची पूड भुरभुरण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. ती घातल्याने नुकसान होत नाही, पण पृष्ठभाग कोरडा ठेवण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

रोपे लांबट होण्याचे कारण उजेडाची कमतरता हेच आहे, आणि त्यात उबेची भर पडली की वाढ अधिकच बेढब होते. खिडकीपासून थोडे आत येताच प्रकाशाची तीव्रता झपाट्याने घटते, जरी आपल्या डोळ्यांना खोली लख्ख उजळलेली वाटत असली तरी. शक्य असल्यास रोपांच्या शेंड्यांपासून सुमारे १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर एलईडी दिवा लावावा आणि तो दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवावा; पाने फिकट किंवा करपल्यासारखी दिसू लागली तर दिवा थोडा वर न्यावा. उगवणीनंतर तापमान २० ते २४ अंशांपर्यंत उतरले तरी चालते, किंबहुना त्याने रोपे ठेंगणी व भरीव होतात. दलपत्रांनंतरची (म्हणजे बियांतून प्रथम निघणाऱ्या पानांच्या जोडीनंतरची) पहिली खरी पाने येईपर्यंत खताची मुळीच गरज नाही. रोपे आधीच लांबली असतील तर लहान कुंड्यांत हलवताना त्यांची खोडे दलपत्रांपर्यंत मातीत गाडावीत.

तिसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य वगळता मी पूर्णपणे सहमत आहे. खोड दलपत्रांपर्यंत गाडण्याची पद्धत टोमॅटोला लागू पडते, कारण त्याच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की मुळे सहज फुटतात. मिरचीच्या खोडाला अशी मुळे फारच हळू व कमी फुटतात, आणि ज्या ट्रेमध्ये आधीच रोग शिरला आहे तेथील कोवळे खोड ओल्या मातीत खोल दडपणे म्हणजे कुजण्यास वाव देणे होय. सेंटिमीटरभर खोल लावावे, काडीचा आधार द्यावा आणि खोड उजेडाने भरू द्यावे. रोप हलवताना खोडाला चिमटीत न धरता पानाला धरावे. पान तुटले तर नवे येते, खोड चेपले तर रोप जाते.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. ट्रे उबदार जागी हलवला आहे आणि पाणी खालून देऊ लागले आहे. आधीपासून कुंडीत असलेल्या एका मोठ्या झाडाबद्दल आणखी विचारावेसे वाटते. त्याची शेंड्याकडची पाने वळून आखूड होत आहेत. हा चुरडामुरडा असेल तर झाड उपटावे का? नवी रोपे याच्या जवळ ठेवण्याची भीती वाटते.

चौथा प्रतिसाद

भीती योग्य आहे. नवी रोपे आजच दूर ठेवावीत. परंतु झाड उपटण्यापूर्वी पाने कोणत्या बाजूला वळली आहेत ते बारकाईने पाहावे, कारण चुरडामुरडा या एका नावाखाली निरनिराळ्या कारणांनी होणारी लक्षणे एकत्र मोडतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे दिसत असेल आणि खालच्या बाजूस चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे असतील, तर तेथे बहुधा फुलकिडे आहेत. शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकल्यास बारीक, लांबट, चालणारे कीटक कागदावर दिसतात. याउलट पाने खाली वळलेली, अरुंद आणि कडक असतील व देठ लांबलेले दिसत असतील तर ते कोळी या अतिसूक्ष्म किडीचे (जाळे विणणाऱ्या कोळ्याचे नव्हे) काम असते. हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी भिंग लागते. तिसरी शक्यता विषाणूची आहे. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यात पाने आखडून सुरकुततात, शिरा जाड होतात, दोन पेरांमधील अंतर कमी होऊन झाड खुरटते. विषाणूवर कोणताही उपचार नाही. असे झाड पिशवीत बंद करून काढून टाकावे. पाने केवळ दुपारी वळून संध्याकाळी सरळ होत असतील तर ती उष्णतेमुळे घेतलेली तात्पुरती खबरदारी आहे, रोग नव्हे.

फुलकिड्यांवर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करता येते: एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूस, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा करावी आणि आधी दोन-चार पानांवर करून पाहावी. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक अधिक परिणामकारक आहे, पण तेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे गंधक वापरू नये आणि कडक उन्हाळ्यात तर ते टाळावेच, अन्यथा पाने भाजतात. एकदा वळलेली पाने पूर्ववत होत नाहीत. उपाय लागू पडला की नाही हे नव्याने येणाऱ्या पानांवरून ओळखावे.

आपल्या मूळ प्रश्नातील कुंडीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून तेही सांगते. रोपाला पाच-सहा खरी पाने आली आणि मुळांनी लहान कुंडीतील माती धरून ठेवली की ते १० ते १५ लिटरच्या, तळाला पुरेशी छिद्रे असलेल्या कुंडीत हलवावे. त्याआधी आठवडाभर रोज थोडे अधिक ऊन दाखवावे. घरात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवल्यास पाने पांढरी पडतात. फार लहान रोप मोठ्या कुंडीत लावले तर मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुज सुरू होते. पुढे फुले आल्यावर काही गळली तर घाबरू नये. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले, रात्र फार उबदार किंवा फार थंड राहिली, किंवा नत्र जास्त झाले की मिरची फुले टाकते. पाने गर्द हिरवी व दाट असूनही फळ धरत नसेल तर नत्रयुक्त खत थांबवावे.

पाचवा प्रतिसाद

तीन निरनिराळ्या मिरच्या शेजारी वाढणार आहेत, म्हणून बी धरण्याबाबत एक भर घालतो. शेजारच्या झाडाच्या परागांमुळे या वर्षीच्या फळांचा तिखटपणा बदलतो असा समज आहे, तो बरोबर नाही. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन फळातील पांढऱ्या शिरांत तयार होते आणि ती पेशीरचना पूर्णपणे आईझाडाची असते. बदल दिसतो तो त्या फळातील बी पेरल्यावर, पुढच्या पिढीत. मिरची स्वपरागित असली तरी मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागीभवन बऱ्याच प्रमाणात होते. ज्या झाडाचे बी ठेवायचे आहे त्याच्या काही कळ्या उमलण्यापूर्वीच जाळीदार कापडाच्या छोट्या पिशवीत बांधाव्यात, अधूनमधून फांदी हलकेच हलवावी, फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला दोरा बांधून खूण करावी आणि फळ पूर्ण पिकेपर्यंत ते तोडू नये.