क्रूझवर जेवणाची वेळ: ठरलेली की मोकळी?

प्रश्न: कोल्हापूरहून ८ जण निघालोय. दोघं शाकाहारी, आई-बाबा सत्तरीचे. बुकिंगला जेवणाची वेळ विचारतायत: रोज ठरलेली की मोकळी (हवं तेव्हा जा). कुठली टाकू?

उत्तर १: ८ जण म्हणजे ठरलेलीच घ्या. रोज तेच टेबल, सहसा तोच वेटर. शाकाहारी कोण, हे रोज नव्यानं सांगावं लागत नाही. पहिली पंगत साधारण ६ च्या आसपास, दुसरी ८ नंतर. दुसरीच बरी. सहाला आपल्याकडं चहा-भडंग चालतं!

उत्तर २: बंदरावरनं परतायला उशीर झाला की पहिली हुकते, मग बुफेच. मोकळी घेतली तर ७ ला रांग, त्यात ८ जणांचं टेबल लवकर सुटत नाही. क्रूझच्या ॲपवर आधी वेळ धरा.

उत्तर ३: दुसरी भरली असेल तर वेटिंगला नाव लावा, चढल्याबरोबर डायनिंग मॅनेजरला गाठा. जैन जेवण हवं असेल तर ते मात्र निघण्याआधीच कळवा.