जळगाव स्टेशन ते अजिंठा चौफुली : टॉवर चौकातून हलकी रेल्वे न्यावी का?

तापीकाठ

मार्ग आधी सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. रेल्वे स्टेशन, नेहरू चौक, टॉवर चौक, कोर्ट चौक, स्वातंत्र्य चौक, आकाशवाणी चौक. तिथून डावीकडे वळून जुन्या महामार्गाने इच्छादेवी आणि अजिंठा चौफुली. डेपो एमआयडीसीच्या बाजूला.

माझं मत : रस्त्याच्या पातळीवरची हलकी रेल्वे, म्हणजे ट्रामसारखी गाडी, इथे व्हावी. स्टेशन, फुले मार्केट, महापालिका, कोर्ट, बसस्थानक, एमआयडीसी ही सगळी ठिकाणं जवळपास एकाच ओळीत आहेत. 2011 च्या जनगणनेत शहर 4.60 लाखांचं होतं, आणि केंद्राने 2019 साली मेट्रोलाइटची (मेट्रोच्या हलक्या, स्वस्त प्रकाराची) मानकं काढली ती मोठी मेट्रो न परवडणाऱ्या शहरांसाठीच. तीन डब्यांची गाडी, साधारण 300 प्रवासी, 750 व्होल्ट डीसी वीज, कमाल वेग ताशी 60 किमी. गाडीची फरशी रस्त्यापासून 30-35 सेंटीमीटरवर, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला जिना नाही की लिफ्ट नाही. पाळधी-तरसोद बाह्यवळणाने अवजड वाहतूक बाहेर गेली की जुन्या महामार्गावर जागाही निघते. विरोध असेल तर कारणासकट मांडा.

दाणाबाजार

कारण देतो. रूळ टाकायचे तर आधी माणसं मोजा. 70 प्रवासी घेणारी 12 मीटरची बस दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला 30 फेऱ्या, म्हणजे एका दिशेला 2,100 प्रवासी. मेट्रोलाइट दर सहा मिनिटांनी सोडली तर 3,000. हा 900 चा फरक भरून काढण्याइतकी गर्दी आपल्याकडे एका दिशेला, एका तासात होते का? शेअर रिक्षांची रांग मोठी दिसते, पण रिक्षात माणसं चार. तासाला 200 रिक्षा गेल्या तरी 800 माणसं झाली, आणि तेवढ्याला 12 मीटरच्या बारा बसफेऱ्या पुरतात.

दुसरं, हा रस्ता नुसता जाण्यायेण्याचा नाही, इथे धंदा चालतो. दुकानासमोर टेम्पो लागतो, हमाल माल उतरवतात, लोटगाड्या उभ्या असतात, ग्राहकाची मोटरसायकल पायरीला टेकलेली असते. अशा गर्दीत बस थोडी बाजूने काढता येते. रुळावरच्या गाडीसमोर एक छोटा हत्ती उभा राहिला की मागच्या सगळ्या गाड्या उभ्या.

रूळपट्टी

दाणाबाजार भाऊ, टेम्पोचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो आराखड्यातच बसवावा लागतो. आधी रुंदीचा हिशेब. 2.65 मीटर रुंदीच्या गाडीसाठी दुहेरी रूळ म्हणजे साधारण 6.5 मीटर. दोन्ही बाजूंना एकेक वाहनपट्टी 3.5 मीटरची, म्हणजे 7. पदपथ दोन-दोन मीटर, म्हणजे 4. झाले 17.5 मीटर, आणि यात थांब्याचा फलाट धरलेला नाही. समोरासमोर फलाट केले तर आणखी 6 मीटर लागतात. एक फलाट चौकाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे असे ठेवले तर 3 मीटरमध्ये भागतं.

जिथे 17.5 मीटरही मोकळे नाहीत तिथे दोन वाटा उरतात. एक, तेवढ्या तुकड्यात खासगी वाहनं बंद. फक्त रूळ, पायी चालणारे आणि ठरावीक वेळी माल. स्ट्रासबर्गने 1994 मध्ये पहिला मार्ग सुरू करताना मध्यवर्ती भागातून आरपार जाणारी मोटार वाहतूक काढून टाकली. सिडनीत जॉर्ज स्ट्रीटचा मोठा भाग पायी चालणाऱ्यांना दिला. मालाची वेळ आपल्याकडे पहाटे 5 ते 9 आणि रात्री 9 नंतर ठेवता येईल, आणि माल उतरवायला रुळाबाहेर, आडगल्लीच्या तोंडाशी खास खाचे ठेवायचे.

दुसरी वाट एकेरी रुळाची, आणि इथे बहुतेक लोक फसतात. 600 मीटरचा एकेरी तुकडा ताशी 15 किमीने पार करायला 144 सेकंद लागतात. जाणारी आणि येणारी मिळून 288. दोन्ही वेळा सिग्नल मोकळा होण्याचे 30-30 सेकंद धरा, म्हणजे जवळपास सहा मिनिटं. वेळापत्रक सहा मिनिटांचं ठेवलं तर हाताशी जेमतेम 12 सेकंद राहतात आणि पहिल्याच उशिराने दिवसभराचं गणित बिघडतं. एकेरी तुकडा 250-300 मीटरपेक्षा लांब नको.

टॉवर चौकाचं वळणही आजच कागदावर काढून बघावं. वळणाची त्रिज्या 25 मीटरच्या खाली गेली की चाकं कर्कश वाजतात आणि रुळाची आतली कड लवकर झिजते. वळताना 30 मीटर लांब गाडीचं नाक आणि शेपूट रुळाबाहेर झुकतं, तेव्हा कोपऱ्यावर रुळापलीकडे बरीच मोकळी जागा लागते. कोपऱ्यावरची कोणती पायरी आणि कोणतं छत आड येतं, हे मोजल्याशिवाय मार्ग ठरला असं म्हणता येत नाही.

खोदकाम

तुम्ही सगळे जमिनीच्या वरचं बोलताय. पैसा आणि वर्षं जातात ती खाली.

रुळाखालचा काँक्रीटचा थर एकदा ओतला की तो फोडून नळ दुरुस्त करता येत नाही, गाडी बंद पडते. म्हणून रुळाच्या पट्ट्याला समांतर जाणारी प्रत्येक जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी आणि केबल आधी बाजूला घ्यावी लागते. आडवी जाणारी असेल तर ती मोठ्या बाहेरच्या नळात घालून थराच्या बरीच खाली न्यावी लागते. एडिनबरोचं उदाहरण जाणकार सतत देतात ते याच कारणाने. 54.5 कोटी पौंडांत करायचा मार्ग आखूड होऊनही 77.6 कोटी पौंडांवर गेला आणि 2014 मध्ये सुरू झाला. रस्त्याखालच्या वाहिन्या हलवण्याचं काम अंदाजापेक्षा कितीतरी वाढलं, हे त्यातलं एक मोठं कारण.

आपल्याकडे अमृत योजनेत पाण्याच्या नव्या वाहिन्या पडल्या, पण जुन्या बिडाच्या वाहिन्या आणि घरोघरच्या जोडण्या नेमक्या कुठे आहेत ते नकाशावर धड सापडत नाही. कोणी म्हणेल रडारने शोधा. इथली काळी माती ओली असली की जमिनीतला रडार फार खोल दिसत नाही, चिकणमाती त्याच्या लहरी गिळून टाकते. त्यामुळे दर 25-30 मीटरवर हाताने चाचणी खड्डे घ्यावे लागतात, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत. खर्चिक आहे, पण निविदेच्या आधी केलं नाही तर ठेकेदार नंतर प्रत्येक सापडलेल्या नळाचं वेगळं बिल लावतो.

माती हा दुसरा घोर. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून तिला भेगा पडतात. वरचा थर कडांनी उचलला जातो, दोन रुळांची पातळी बदलते, गाडी डुलते. काळी माती खोल असेल तिथे मीटर-दीड मीटर काढून मुरूम भरायचा, तोही 15-20 सेंटीमीटरच्या थराथराने पाणी मारून, रोलरने दाबून. त्यावर कोरडं दुबळं (कमी सिमेंटचं) काँक्रीट, मग रुळाचा मुख्य थर. थराशेजारी नळ गळत राहिला तर माती तेवढ्याच जागी फुगते, आणि हे सगळ्यात वाईट, कारण वरून काहीच दिसत नाही. थराच्या दोन्ही कडांना पाणी वाहून नेणारा चर नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात दुरुस्ती निघेल.

काम 100-150 मीटरच्या तुकड्यांत, एका वेळी रस्त्याची एकच बाजू. गणपती ते दिवाळी बाजारात कुदळ लावायची नाही. दुकानदाराला जाळीमागे वर्षभर ठेवलं तर पुढे कितीही चांगली गाडी आणा, तो माणूस तुमच्या बाजूने राहत नाही.

वीजवाहिनी

खोदकाम दादांनी मातीचं सांगितलं, मी विजेचं सांगते. डीसी विद्युतप्रवाह गाडीतून रुळात उतरतो आणि रुळातूनच उपकेंद्राकडे परततो. रूळ जमिनीपासून नीट वेगळा नसेल तर थोडा प्रवाह मातीत शिरतो, वाटेत लोखंडी नळ भेटला की त्यातून वाहतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथला धातू खातो. एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) नळाला धोका नाही. बीड, पोलाद, डीआय (डक्टाइल आयर्न, न तडकणारं बीड) आणि इमारतींच्या पायातल्या सळ्यांना आहे. म्हणून रुळाला पूर्ण लांबीभर रबराचं आवरण, थरात प्रवाह गोळा करणारी सळ्यांची जाळी, उपकेंद्रं दीड-दोन किलोमीटरवर, आणि गळतीची नियमित मोजणी. रुळाच्या खाचेत (चाकाची कड जिथे बसते तिथे) चिखल साचून राहिला की तो आवरणाला वळसा घालून प्रवाहाला वाट देतो. म्हणजे खाच धुणारं वाहन ही चैन समजू नका.

उन्हाची भीती मात्र थोडी जास्त घेतली जाते. पोलादाचा तापमानफरक 40 अंशांचा झाला तर मोकळा रूळ किलोमीटरला सुमारे 46 सेंटीमीटर वाढेल. पण काँक्रीटमध्ये बसवलेला रूळ सलग जोडलेला आणि जखडलेला असतो, तो बाजूला सरकू शकत नाही. काळजी पुलांवर आणि थर जिथे संपतो तिथे घ्यायची. आपल्या 45 अंशांत खरा ताण गाडीतल्या वातानुकूलनावर येतो, आणि थांब्यावर सावली नसेल तर माणसावर.

मिरवणुकीचं विचाराल. गणपतीच्या उंच मूर्ती मेहरूण तलावाकडे जातात आणि तारा साधारण साडेपाच-सहा मीटरवर. बर्मिंगहॅमने 2019 मध्ये मध्यवर्ती भागातला तुकडा तारेविना, बॅटरीवर सुरू केला. तसं नेहरू चौक ते स्वातंत्र्य चौक करता येईल. बॅटरीचं वजन आणि ठरावीक वर्षांनी ती बदलण्याचा खर्च मात्र हिशेबात धरा.

मेमूप्रवासी

मग भुसावळ-जळगाव रेल्वेच्याच रुळावरून येऊन हीच गाडी शहरात का शिरू नये? जर्मनीत कार्ल्सरूहने 1992 पासून हे केलं आहे. रोज भुसावळहून येणाऱ्याला स्टेशनवर उतरून पुन्हा रिक्षा शोधावी लागणार नाही.

रूळपट्टी

कल्पना सुरेख, इथे बसत नाही. आपल्या मुख्य रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, शहरी मानक 1435 चं. तिकडे 25,000 व्होल्ट एसी, इकडे 750 डीसी. स्टेशनचे उंच फलाट 76 ते 84 सेंटीमीटर, आपल्या गाडीची फरशी 35. शिवाय जळगावला सुरत आणि मुंबईचे मार्ग फुटतात, भुसावळकडच्या रुळांवर मालगाड्यांचीच दाटी आहे. त्यापेक्षा मेमूची (जवळच्या गावांना जोडणाऱ्या विजेवरच्या रेल्वेगाडीची) वेळ आणि शहरी गाडीची वेळ जुळवा, आणि थांबा स्टेशनच्या दाराशी द्या, चौक ओलांडायला लावू नका.

दाणाबाजार

इतकं सगळं वाचून माझा विरोध पक्का झाला. शेजारच्या नाशिकचं बघा. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी 2,092 कोटींची योजना जाहीर झाली. ती तर रबरी चाकांची, रुळाविना. तरीही रस्त्यावर गाडी आली नाही. नाशिकचं हे, तर जळगावने रुळाची स्वप्नं कशाच्या जोरावर बघायची? हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेच्या कर्जाचं ओझं या महापालिकेने किती वर्षं वाहिलं ते इथल्या करदात्याला ठाऊक आहे.

सुरक्षेचंही कोणी बोललं नाही. रुळाची खाच चार सेंटीमीटरच्या आसपास असते. स्कूटरचं चाक तीत अडकत नाही, पण ओल्या पोलादावर तिरकं गेलं की घसरतं. सायकलचं चाक मात्र अडकतं, आणि लोटगाडीला सायकलचीच चाकं असतात. रूळ ओलांडायचा तर जवळजवळ काटकोनात. टॉवर चौकात रोज हजारो दुचाक्या तिरक्या वळतात, त्यांना काटकोन कोण शिकवणार?

माझा पर्याय : ई-बस, त्याच मार्गावर, स्वतःची पट्टी, दर तीन मिनिटांनी. पट्टी रंगवून, मधे रबरी खांब ठोकून काही महिन्यांत होते. चुकली तर पुसता येते.

तापीकाठ

पट्टीची सूचना मनापासून घेतो, पण एक अट घालून. बसपट्टी आखायची ती थेट 6.5 मीटरची, आणि जिथे पुढे रूळ येऊ शकतात नेमक्या त्याच जागेवर. वळणं 25 मीटरच्या त्रिज्येची. पट्टीखालचे नळ आत्ताच बाजूला घ्यायचे, कारण रस्ता तसाही खोदला जातोच. थांब्यांचे फलाट मात्र बसच्या फरशीप्रमाणे आज, आणि पुढे बदलता येतील असे सुटे.

आणि मोजणी. 2017 च्या मेट्रो धोरणानेही पर्यायांची तुलना आणि शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आधी मागितला आहे, अर्थव्यवस्थेला मिळणारा परतावा 14 टक्के दाखवावा लागतो. नेहरू चौक, कोर्ट चौक आणि आकाशवाणी चौक इथे सकाळी 6 ते रात्री 10 मोजणी करा. वाहनं नाही, माणसं मोजा, दिशेनुसार, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत. एक साधा दिवस, एक लग्नसराईतला, एक कॉलेज सुरू असतानाचा.

दाणाबाजार

मोजणीला माझी पूर्ण संमती. नळ आत्ताच हलवायला नाही. एका दिशेला तासाला 2,000 च्या वर आकडा सलग दोन तास टिकला तर मी पुन्हा विचार करीन. त्याच्या खाली असेल तर बस.

खोदकाम

मोजणी करताना दुकानासमोर लागलेल्या गाड्याही मोजा, तासातासाला. बस असो की रूळ, 6.5 मीटर निघणार ते तिथूनच, आणि त्या गाड्या कुठे जाणार याचं उत्तर अजून या चर्चेत एकानेही दिलेलं नाही.