मदत हवी आहे: आठवी-नववीच्या लेकरांना ऑनलाइन चिडवाचिडवीबद्दल कसं शिकवायचं?
नमस्कार मंडळी, मी परभणीकडं एका खेड्यातल्या शाळेवर शिक्षक आहे. पोरांनी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय आन त्यात एका पोरीच्या फोटोचं स्टिकर करून फिरवायलेत, ती आठ दिवस झाले शाळेतच येईना. मोबाइल बापाचा, तो घरात टेकला की लेकरांच्या हातात, म्हणून घरी कुणाला पत्ताच नाही. रागावून बघितलं तर लगेच दुसरा ग्रुप निघाला!

स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनला फोन करा हे सगळं सांगितलंय, पण ते झाल्यावरचं झालं. स्टिकर करणारे दोघंच, बघून हसणारे आन पुढं ढकलणारे तीस, त्यांना कसं वळवायचं? कुणी वर्गात एखादं नाटुकलं, खेळ घेतलाय का? भाषण नको, पोरं जांभया देतात.